क्रोमवर क्लिअर मारला की चमक कुठे जाते?

गेले काही आठवडे इनबॉक्समध्ये एकच तक्रार फिरून फिरून येतेय. अलॉय व्हीलला 'क्रोम' पावडर कोटिंग करून घेतलं, भट्टीतून निघालं तेव्हा अगदी आरसा होता, मग टिकावं म्हणून वर क्लिअर मारला आणि चाक राखाडी झालं. कोटिंगवाल्याने फसवलं का?

माझं उत्तर आहे, बहुतेक वेळा नाही. पण ते पटायला आपल्याला जरा मागे, अमेरिकेत जावं लागेल.

1920 च्या आसपासच्या गाड्यांवर जी चमक दिसायची ती निकलची. दिसायला छान, पण जराशी पिवळसर आणि हवेने मंद होणारी. सतत फडकं घेऊन घासत बसायचं. 1920 च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोमियमचा मुलामा भरवशाने चढवण्याची पद्धत बसवली, आणि काही वर्षांतच डेट्रॉईटच्या गाड्या क्रोमने चमकायला लागल्या.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. बंपरवरचा क्रोमचा थर साधारण अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून पातळ असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा! इतक्या पातळ थरात बारीक भेगा आणि छिद्रं असतातच. त्यामुळे लोखंडाला गंजापासून वाचवतो तो खालचा, कितीतरी जाड असा निकलचा थर. क्रोम वर बसून फक्त कडकपणा आणि ती निळसर झाक देतो. म्हणजे नाव क्रोमचं आणि राबतोय निकल.

मग 1950 मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. जेट इंजिनांना निकल लागायचं, म्हणून अमेरिकन सरकारने गाड्यांच्या सजावटीसाठीच्या निकलवर बंधनं आणली. 1952 च्या आसपासच्या मॉडेलांवर तांब्यावरच पातळ क्रोम चढवला गेला आणि निकलची कसर भरून काढायला वरून पारदर्शक लॅकर मारला. क्रोमवर क्लिअर! तेव्हाही हेच. तो लॅकर काही जन्मभर टिकणारा नव्हता. तो गेला की खाली राखण करायला कुणीच नाही, मग गंज. जुन्या गाड्या जमवणारे आजही त्या सालांचा मूळ क्रोम जरा संशयानेच बघतात.

युद्ध संपलं आणि अमेरिकेने जणू उपास सोडला. 1958 च्या ब्युइकच्या नुसत्या पुढच्या जाळीवर क्रोमचे 160 चौकोन होते.

या चमकीची किंमत मात्र शोरूममध्ये दिसायची नाही. क्रोमच्या टाकीत क्रोमिक ॲसिड असतं, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम. टाकीवर काम करणाऱ्यांच्या कातडीवर न भरणारे व्रण पडायचे, नाकाच्या दोन पुड्यांमधल्या पडद्याला चक्क भोक पडायचं, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरशी त्याचा संबंध पुढे पक्का झाला. युरोपात 2017 पासून हे रसायन वापरायला खास परवानगी लागते. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये ठरवलं की सजावटीच्या कामातून ते 2027 पासून हद्दपार करायचं. पर्याय शोधण्याची धडपड का चालली असेल, हे आता कळलं असेल.

त्यातला एक पर्याय म्हणजे पावडर. जर्मनीत एर्विन गेमर यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टिकच्या भुकटीने धातू मढवायची युक्ती काढली. आज आपल्या भोसरी-चाकणच्या शेडमध्ये जी गन चालते, ती भुकटीला विजेचा भार देते. भुकटी धातूला चिकटते आणि 180-200 अंशांच्या भट्टीत वितळून एकसंध होते. (प्लास्टिकचे बॅज, लोगो घेऊन जाऊ नका. परत पाणी होऊन येतील.)

'क्रोम' पावडरमध्ये सहसा क्रोमियम नसतंच! असतात ते ॲल्युमिनियमचे अतिपातळ पापुद्रे. त्यांना स्टिअरिक ॲसिडचा हात दिलेला असतो, त्यामुळे वितळलेलं रेझिन त्यांना भिजवू शकत नाही. दुधावर साय यावी तसे ते वर तरंगतात आणि कौलांसारखे आडवे बसतात. उजेड थेट त्यांच्यावरून परततो, म्हणून आरसा. पण तेच उघडे पडलेले! बोटाने घासलं तर रुपेरी डाग बोटाला लागतो, आणि चाक धुण्याच्या जहाल केमिकलने ते काळे पडतात.

म्हणून क्लिअर. पण क्लिअरही भट्टीत वितळतो, पापुद्र्यांच्या फटीत शिरतो, त्यांना हलवतो, तिरके करतो. कौलं विस्कटली की आरसा गेला, उरली साधी चांदी. ही कोटिंगवाल्याची लबाडी नाही, त्या मालाचा स्वभाव आहे. कोटिंगवाला चुकतो ते बेस नीट भाजण्यात. कच्चा राहिला तर पापुद्रे जास्त हलतात, जास्त भाजला तर क्लिअर धरत नाही. किती भाजायचं ते त्या पावडरच्या डेटाशीटवर लिहिलेलं असतं. ते विचारायला लाजू नका. आणि चाक द्यायच्या आधी एका भंगार पत्र्यावर नमुना मागा, अर्ध्यावर क्लिअर, अर्धा तसाच.

माझं मत विचाराल तर रोज रस्त्यावर पळणाऱ्या चाकाला, त्यातून कोकणातल्या खाऱ्या हवेत, क्लिअर हवाच. मंद दिसलं तरी चालेल. शोकेसमध्ये ठेवायचा पार्ट असेल तर बिनक्लिअरचा ठेवा, हात लावू नका. आरसाही हवा आणि टिकायलाही हवं, तर पीव्हीडीकडे वळावं लागतं. तिथे निर्वात पेटीत धातूचा थर चढवतात आणि वर क्लिअर असतो. पापुद्रेच नाहीत, त्यामुळे विस्कटायला काही नाही. खर्च मात्र चांगलाच.

आणि ज्यांची चाकं आधीच राखाडी झालीत त्यांच्यासाठी एक नाव सांगतो, जो बेलॉन. कॅलिफोर्नियाचा हा कारागीर 1950 च्या दशकात चमकत्या थरावर पारदर्शक लाल चढवून 'कँडी ॲपल रेड' करायचा. तशी पारदर्शक लाल, निळी पावडर आज मिळते. त्या रंगाला खाली आरसा लागत नाही, चांदी पुरते.