मंत्र कुणाचा, मान कुणाचा?

संक्रांत आली की आपल्या शिरूर-दौंडच्या गावांत घरोघर हळदीकुंकू होतं. पण जिचा नवरा गेला, ती बाई आत चुलीपाशीच बसून राहते. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : "शास्त्रच तसं आहे." पण शास्त्र कुणी ठरवायचं? याच प्रश्नावरून सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात राजा आणि राजपुरोहित यांच्यात मोठा वाद पेटला होता. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

साल १८९९, कार्तिक महिना. शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. पुरोहित मंत्र म्हणत होते, पण ते वेदातले नव्हते, पुराणातले होते. सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी ही गोष्ट महाराजांच्या लक्षात आणून दिली. भागवत स्वतः ब्राह्मण आणि मोठे पंडित होते. पुरोहितांचं म्हणणं असं, की महाराज राजे असले तरी क्षत्रिय नाहीत, शूद्र आहेत, म्हणून त्यांना वेदोक्त नाही, पुराणोक्तच. शिवाजी महाराजांच्या वेळीही हाच प्रश्न उभा राहिला होता. तेव्हा काशीच्या गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर त्यांचा राज्याभिषेक केला.

शाहू महाराजांनी हुकूम काढला, की राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीनेच झाले पाहिजेत. राजोपाध्यांनी नकार दिला. टिळकांच्या 'केसरी'नेही वेदोक्ताच्या मागणीवर टीका केली. शेवटी १९०२ साली महाराजांनी राजोपाध्यांचं इनाम जप्त केलं. काम करायचं नसेल, तर त्या कामासाठी दिलेली जमीन कशाला, असा साधा हिशोब. राजोपाध्यांनी इंग्रज सरकारकडे वरपर्यंत दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. पुढे करवीरच्या शंकराचार्यांनी दरबारची मंजुरी न घेता वारस नेमला, तेव्हा मठाच्या उत्पन्नावरही जप्ती आली.

त्याच १९०२ साली महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. तिथे राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा मान कँटरबरीच्या आर्चबिशपचा, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या धर्मगुरूचा. आणि याच गादीवरून इंग्लंडात पूर्वी रक्त सांडलं होतं. दुसऱ्या हेन्री राजाने ११६२ साली आपला मित्र थॉमस बेकेट याला त्या गादीवर बसवलं. गुन्हा करणाऱ्या पाद्र्याचा न्याय राजाच्या कोर्टात व्हावा की चर्चच्या, यावरून दोघांचं बिनसलं. ११७० च्या डिसेंबरात राजाच्या चार सरदारांनी बेकेटला चर्चमध्येच ठार मारलं. चार वर्षांनी तोच राजा अनवाणी त्याच्या समाधीपाशी गेला आणि त्याने स्वतःच्या पाठीवर धर्मगुरूंच्या हातचे फटके खाल्ले.

कोल्हापुरात रक्त सांडलं नाही. पण दोन्हीकडे भांडण एकच : धर्माच्या नावाने शेवटचा शब्द कुणाचा?

अशा भांडणात आपण कुणाची बाजू घ्यायची? आम्हाला वाटतं, गादी राजाची असो की धर्माची, तिच्यामुळे गोरगरिबांच्या पदरात काय पडलं, ते आधी बघावं. शाहू महाराज केवळ आपल्या मानासाठी भांडून थांबले असते, तर ती एका राजवाड्याची गोष्ट राहिली असती. पण विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, त्यांचा जाहीरनामा निघाला : कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा कायदा झाला. त्याच साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार मिळाला. १९१९ साली घरात बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. आणि १९२० साली पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकर या शिकलेल्या मराठा तरुणाला त्यांनी क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. जुन्या रूढीप्रमाणे वेदमंत्रांचा अधिकार कुठल्याच जातीच्या बाईला नव्हता, ब्राह्मणाच्या बाईलाही नाही. पंचगंगेवरचा वाद मात्र राजाच्या अधिकारावर सुरू झाला. बायकांची पाळी फार उशिरा आली. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांसाठी खुला व्हायला २०१६ चा एप्रिल उजाडावा लागला. तोही मुंबई उच्च न्यायालयाने सांगितल्यावर.

देवळाच्या चौथऱ्यासाठी कोर्टात जावं लागलं. वेदोक्तासाठी राजाला हुकूम काढावा लागला. पण हळदीकुंकवाचा करंडा तर आपल्याच हातात असतो. येत्या संक्रांतीला चुलीपाशी बसलेल्या त्या बाईला बाहेर बोलवायचं, तिच्या कपाळाला कुंकू लावायचं आणि हातात तिळगूळ द्यायचा. त्यासाठी कुठल्या शास्त्र्याला विचारायचं? गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा करून झाले, की एवढा विषय जरूर काढा.