टोपणनावाआडचे धैर्य

1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा सुशिक्षित प्रौढ कुमारिकांच्या अंतःकरणातील तगमग इतक्या निर्भीडपणे मांडणारी ही ‘विभावरी शिरूरकर’ कोण, या प्रश्नाने महाराष्ट्रात एकच गहजब उडाला. त्या नावामागे होत्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणसंस्थेच्या मुशीत घडलेल्या अध्यापिका बाळूताई खरे, म्हणजेच पुढील काळातील मालतीबाई बेडेकर. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेतील, स्वतःच्या मिळकतीवर माहेर पोसणाऱ्या कन्येची कैफियत त्या काळच्या समाजाला झोंबली, कारण ती खरी होती. सोलापूरच्या सेटलमेंटमधील, म्हणजे तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीतील, अनुभवांतून ‘बळी’ (1950) ही कादंबरी लिहिणाऱ्या या लेखिकेचे टोपणनाव हे भीरुत्वाचे नव्हे, तर सत्यनिष्ठेचेच साधन होते, असा निर्वाळा आपण निःशंकपणे द्यावा.