पर्लमध्ये ओळी वगळणे

मजकुराची फाइल वाचता वाचता तिच्यातल्या नको त्या ओळी काढून टाकण्याची रीत. पर्ल ही संगणकभाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणली, ती मुख्यतः मजकूर चाळण्यासाठीच.

‘वगळणे’ हाच शब्द नेमका, कारण इथे ओळ खोडली जात नाही. फाइल म्हणजे बाइटांची सलग रांग. मधली ओळ उपटायची तर पुढचा सगळा मजकूर मागे सरकवावा लागतो. त्यापेक्षा एकेक ओळ वाचून हवी ती नव्या फाइलमध्ये लिहिणे आणि नको ती आली की ‘नेक्स्ट’ या आज्ञेने पुढे जाणे सोपे. शेवटी नव्या फाइलला जुनीचे नाव मिळते. फाइल बदलण्याचे हे काम ‘आय’ हा स्विच परस्पर उरकतो. त्याला ‘.बॅक’सारखे शेपूट जोडले की मूळ प्रतही राहते. ते न जोडणे हा निव्वळ आगाऊपणा. ५.२८ ही आवृत्ती (२०१८) येईपर्यंत काम अर्ध्यावर तुटले, तर मूळ मजकूर गमावण्याचा धोका होता.

मराठी मजकुरात खरी कसोटी ओळ ओळखण्याची. समजा, देशभरातील गावांच्या यादीतून उत्तर प्रदेशातले रामपूर वगळायचे आहे. साधा नमुना दिला, तर गोव्याच्या पेडणे तालुक्यातले इब्रामपूरही बिनबोभाट जाते! डोळ्यांना ‘ब्रा’ एकसंध दिसतो. युनिकोडमध्ये मात्र ब, हलन्त चिन्ह, र आणि काना सुटे असतात, आणि त्या र-पासून पुढे अख्खे ‘रामपूर’ सापडते.

यावर उपाय म्हणजे नमुन्याच्या दोन्ही टोकांना शब्दसीमेची खूण. पण फाइल आणि प्रोग्राम दोन्ही यूटीएफ-८ आहेत हे पर्लला सांगितले नसेल, तर इब्रामपूर त्याच्या लेखी ९ संकेतांऐवजी २७ बाइटांचे होते. त्यांतला एकही बाइट त्याला अक्षर वाटत नाही. मग सीमाच सापडत नाही, आणि रामपूरही यादीत तसेच राहते.

शब्दसीमा सापडूनही कधी भागत नाही: केरी नावाचे गाव गोव्यातल्या पेडणे, सत्तरी आणि फोंडा अशा तीन तालुक्यांत आहे. तिथे तालुक्याचा रकाना तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

‘कऱ्हाड’मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकाच संकेताने, किंवा र आणि नुक्ता मिळून. दिसायला सारखेच, जुळवताना वेगळे. दोन्ही एका रूपात आणणारे ‘युनिकोड नॉर्मलाइझ’ हे मॉड्यूल ५.८ या आवृत्तीपासून (२००२) पर्लसोबतच मिळते.