पातळ काचेची मोठी दुर्बीण

आरशाची जाडी व्यासाच्या एक षष्ठांश हवी, असा दुर्बीणकारांचा जुना दंडक. म्हणजे २४ इंची आरशाला चार इंच जाड काच! ती आणायची कुठून आणि उचलायची कोणी? सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ साली दाखल झालेल्या जॉन डॉबसन यांच्यापाशी तर पैसाच नव्हता. त्यांनी जहाजाच्या खिडकीची इंचभर जाड टाकाऊ काच घासली. काँक्रीटचे खांब ओतायच्या पुठ्ठ्याच्या साच्याची नळी केली. बैठक लाकडी, फक्त आडवी-उभी फिरणारी. आमच्या मते खरी मेख इथेच आहे. आरसा एकाच दिशेने कलत असल्याने पाठीमागे गालिच्याचा तुकडा घातला तरी तो पुरेसा सावरतो.

दुर्बिणींना चाके लावून ते गल्लोगल्ली तारे दाखवत. १९६७ साली मठ सुटला, दुर्बिणी सुटल्या नाहीत. पुढे त्यांची २४ इंची दुर्बीण राष्ट्रीय उद्यानांतही हिंडली. प्रवासात आरसे हलतात, म्हणून प्रत्येक मुक्कामी ते आधी जुळवून घ्यावे लागतात.