जंतांनी पचवलेली औषधे



पावसाळा मध्यावर आला की दुभत्या शेळीचे दूध हळूहळू आटते, केस राठ होतात आणि एखाद्या सकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसते. मग आपण जंताच्या औषधाची बाटली आणतो आणि झाडून सगळ्या शेळ्यांना एकाच मापाने पाजतो. अलीकडे गावोगाव ऐकू येते, "साहेब, औषध पाजलं, पण गुण नाही." बाटली खोटी निघाली असे म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो. कधी ते खरेही असेल. पण बाटली चांगली असूनही गुण येत नाही, त्यामागे बराच जुना इतिहास आहे.

आपला मुख्य शत्रू म्हणजे हिमाँकस नावाचा गोल जंत. लांबीला जेमतेम इंचभर. लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखा दिसतो आणि शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण हजार जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कप रक्त गेले! त्याची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी टाकते. ती लेंड्यांतून कुरणात पडतात, ओलाव्यात अळ्या होतात, दवाबरोबर गवतावर चढतात आणि पुन्हा शेळीच्या पोटात जातात. तीन आठवड्यांत नवी पिढी तयार.

शंभर वर्षांपूर्वी या जंतावर औषध म्हणजे मोरचूद. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रणात आपण वापरतो तेच. त्यात कोणी तंबाखूचा अर्क मिसळत, दक्षिण आफ्रिकेत तर सोमलही घालत. जंत मरत, पण माप चुकले की जनावरही मरे. पुढे १९३८ साली अमेरिकेत फेनोथायाझिन हे औषध डुकरांच्या जंतांवर लागू पडल्याचे दिसले, आणि थोड्याच वर्षांत ते मेंढ्या-शेळ्यांना देऊ लागले. एका वेळी कितीतरी ग्रॅम भुकटी पाजावी लागे. मूत्र लाल होई आणि दुभत्या जनावराचे दूधही गुलाबी उतरे. गुलाबी दूध कोण विकत घेणार? तरीही मोरचुदापेक्षा ते सुरक्षित, म्हणून लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. १९५७ मध्ये अमेरिकेतूनच बातमी आली की मेंढ्यांतला हिमाँकस या औषधाला दाद देत नाही.

तोवर नवे औषध वाटेवर होतेच. १९६१ साली थायाबेंडाझोल बाजारात आले. थोडे पाजा, अनेक जातींचे जंत मारा, जनावराला अपाय नाही. जंतांचा प्रश्न संपला, असे वाटावे इतके ते गुणकारी होते. मात्र १९६४ सालीच त्याला न जुमानणारे जंत सापडले. तीन वर्षे, बस्स! आपल्याकडे मिळणारी अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल याच घराण्यातली, म्हणून एकाला सरावलेला जंत दुसऱ्यालाही बऱ्याच अंशी पचवतो. बाटलीवरचे नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे नव्हे. लेव्हामिसोल वेगळ्या घराण्यातले, त्याचीही पुढे तीच गत झाली. १९८१ मध्ये जनावरांसाठी आयव्हरमेक्टिन आले. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले, आणि त्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. माणसांच्या रोगांवर त्याने फार मोठे काम केले आहे. पण मेंढ्यांतल्या हिमाँकसने दक्षिण आफ्रिकेत १९८० चे दशक संपण्याआधीच त्यालाही पचवले. मोनेपँटेल न्यूझीलंडमध्ये २००९ साली आले, आणि २०१३ पर्यंत तिथल्याच एका शेळ्या-मेंढ्यांच्या फार्मवर निकामी ठरले.

हे असे का होते? लाखो जंतांत एखादाच जन्मतः चिवट असतो. आपण सगळ्या शेळ्यांना एकदम औषध पाजले की साधे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढची सगळी प्रजा त्यांची. औषध पाजून लगेच कोऱ्या कुरणात सोडावे, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. त्याने तर कोऱ्या कुरणात चिवट जंतांचेच बी पेरले जाते.

यात शेळीची बाजू आणखी नाजूक. ती मुळात झाडपाला ओरबाडणारी, त्यामुळे जमिनीवरच्या गवतातल्या जंतांशी झुंजण्याची ताकद तिच्यात मेंढीपेक्षा कमी. शिवाय कित्येक औषधे तिच्या शरीरातून लवकर बाहेर पडतात. हे १९८० च्या दशकातील अभ्यासांत कळले. तोवर मेंढीचेच माप शेळीला देत असत. अपुरे माप म्हणजे जंताला मारणे नव्हे, त्याला तालीम देणे. म्हणून शेळीचे माप पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा आणि वजन काट्यावर करा. डोळ्याच्या अंदाजाने मोठी शेळी नेहमी हलकी धरली जाते. गाभण शेळीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, अल्बेंडाझोल देऊ नका. औषध दिल्यावर दूध किती दिवस विकायचे नाही, तेही विचारून घ्या.

दक्षिण आफ्रिकेत औषधे संपत चालली, तेव्हा तिथल्याच पशुवैद्यकांनी वाट काढली. फाफा मलान, जान व्हॅन वायक आणि गॅरेथ बाथ यांनी १९९० च्या दशकात शेळ्या-मेंढ्यांच्या पापणीचा रंग पाहण्याची पद्धत बसवली. मलान यांच्या नावावरून तिला 'फामाचा' म्हणतात. खालची पापणी हलकेच उलटून आतला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. लालबुंद म्हणजे १, पांढरीफटक म्हणजे ५. १ आणि २ ला औषध नाही, ४ आणि ५ ला लगेच. ३ ची शेळी गाभण, नुकती व्यालेली किंवा अशक्त असेल तर तिलाही द्यावे, करडालाही. कळपात बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, म्हणून एवढ्याने काम भागते. बाकीच्यांतले साधे जंत जिवंत राहतात, आणि चिवटांची गर्दी होऊ देत नाहीत.

पाहणी उजेडात करा. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी, एरवी महिन्याने. फ्रान्समधल्या अभ्यासात जास्त दूध देणाऱ्या शेळ्यांचे दूध जंतांमुळे जास्त घटलेले दिसले, तेव्हा कळपातली सर्वांत दुभती शेळी आधी पाहा. मात्र यकृतातला चपटा कृमी, उवा आणि गोचीड यांनीही पापणी पांढरी पडते. उलट रक्त न पिणारे जंत पापणीत दिसत नाहीत. हगवण लागली असेल तर पापणी लाल असली तरी दवाखाना गाठा. बाभूळ, बोर, सुबाभूळ यांचा पाला उंचावर बांधून घाला आणि दव उतरल्यावरच शेळ्या चरायला सोडा.

आणि औषध लागू पडते की नाही, हे ज्याला त्याला तपासता येते. पाजण्याआधी लेंड्या द्याव्यात, पुन्हा १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या द्याव्यात. दोन्ही वेळची अंडी मोजली की कळते. लेंड्या जमिनीवरून वेचू नका. ताज्या, थेट शेळीच्याच घ्या, पिशवीवर खूण करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा.