पुनर्वसु म्हणजे तरणा

धाराशिवकडच्या शेतकऱ्याला ‘पुनर्वसु’ म्हणण्याची गरज फारशी पडत नाही. तो ‘तरणा’ म्हणतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य या नक्षत्रात शिरला की तरणा लागला. पंधरवड्याने पुष्य, म्हणजे ‘म्हातारा’. तरणा हे संस्कृत ‘तरुण’चंच घासलेलं रूप. पुनर्वसु मात्र ‘पुनः’ आणि ‘वसु’ मिळून झालेलं: पुन्हा संपदा देणारं. मृग-आर्द्रात दुबार पेरणीची पाळी आलेल्याला ही व्युत्पत्ती कोशात शोधावी लागत नाही.

शब्द मुळात द्विवचनी, कारण तारे दोन: कॅस्टर आणि पोलक्स. पाणिनीला इथं खास सूत्र करावं लागलं. तिष्य (म्हणजे पुष्य) एक, पुनर्वसू दोन. समासात बहुवचन यायला हवं, पण लोक द्विवचनच वापरत. म्हणजे तरणा-म्हातारा ही जोडी व्याकरणातही जुनीच!

मोजणीचा घोळ तिथं संपत नाही. कॅस्टर दुर्बिणीतून दोन दिसतो, आणि ते दोघे एकमेकांभोवती फिरतात हे विल्यम हर्शेलने 1803 मध्ये दाखवलं. सोबत एक मंद लाल तारा आहे. वर्णपटात हे तिन्ही पुन्हा जोड्याच निघाले, एकूण सहा, आपल्यापासून सुमारे 51 प्रकाशवर्षांवर.

तरण्याच्या पावसात हे तारे दिसत नाहीत, सूर्यच तिथं असतो. बघायचे तर फेब्रुवारीत, हुरड्याच्या दिवसांत, रात्री दहाच्या सुमारास डोक्यावरून जरा उत्तरेला.