राळेगणचा ट्रक ड्रायव्हर आणि अणुबॉम्ब

लोक राळेगणसिद्धीला पाणी पाहायला जातात. मीही तेच पाहायला गेलो होतो. नगरहून पुणे रस्त्याने सुपे ओलांडले, की पुढे वाडेगव्हाणच्या फाट्यावरून गाव आत आहे. पारनेर तालुका कायमचा दुष्काळी. मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस. अशा ठिकाणी नालाबांध, पाझर तलाव आणि डोंगरउतारावरची झाडे पाहिली, की माणूस गप्प होतो. परतताना मात्र माझ्या डोक्यात पाण्यापेक्षा वेगळाच विषय घोळत होता. ज्या माणसामुळे हे गाव जगाला ठाऊक झाले, तो १९६५ च्या युद्धातून केवळ योगायोगाने जिवंत परतलेला आहे.

किसन बाबुराव हजारे, म्हणजे आपले अण्णा, लष्करात ट्रक चालवत. १९६५ साली ते पंजाबातल्या खेमकरण भागात होते. हल्ल्यात सोबतचे जवान मारले गेले आणि आपण वाचलो, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. मिळालेले हे आयुष्य लोकांसाठी खर्च करायचे, असे त्यांनी तेव्हाच ठरवले. १९७५ मध्ये निवृत्त होऊन ते गावी आले आणि आपल्या फंडाचे पैसे यादवबाबांच्या मंदिराच्या दुरुस्तीला लावले. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या घरात खेमकरण हे नाव वेगळ्या कारणाने घेतले जाई. अब्बांच्या तोंडी ते यायचे अब्दुल हमीद यांच्यासोबत. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे हवालदार अब्दुल हमीद, ४ ग्रेनेडियर्स. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबर १९६५ रोजी असल उत्तरच्या लढाईत ते शहीद झाले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. भारतीय बाजूच्या मोजणीनुसार त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन उभा आहे. अब्बा मला तिथे घेऊन गेले होते आणि बराच वेळ त्या लोखंडाकडे बघत राहिले होते. मुसलमानाने देशासाठी काय केले, असे कोणी विचारले की उत्तर म्हणून हे नाव तयार ठेवायचे, ही आमच्या पिढीची सवयच होती. असे उत्तर तयार ठेवावे लागावे, याचा मला आजही राग येतो. पण तो विषय वेगळा.

एकाच भागात, एकाच महिन्यात, एक जण कायमचा तिथेच राहिला आणि एक जण परत आला. त्या दोघांच्या युद्धात आणि आजच्या युद्धात फरक काय, हा माझा प्रश्न आहे. तो समजून घ्यायचा तर १९६५ च्या थोडे मागे जावे लागते.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. बासष्टची जखम ताजी होती आणि नेहरूंना जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. आठवडाभरातच, २४ ऑक्टोबरला, होमी भाभा आकाशवाणीवर बोलले. त्यांनी अमेरिकी अंदाजांच्या आधारे किंमत सांगितली: १० किलोटनचा एक स्फोट सुमारे साडेसतरा लाख रुपयांत. बॉम्ब स्वस्त आहे, असा अर्थ ऐकणाऱ्यांनी घेतला. त्या आकड्यात अणुभट्टीचा खर्च नव्हता, प्लुटोनियम वेगळे करणाऱ्या कारखान्याचा नव्हता आणि बॉम्ब वाहून नेणाऱ्या विमानांचाही नव्हता. तरी तो आकडा पुढे कितीतरी भाषणांत फिरत राहिला. पुढच्या महिन्यात गुंटूरला काँग्रेस महासमितीत यावर जोरदार चर्चा झाली. बॉम्ब हवा म्हणणारे पक्षातच पुष्कळ होते. लालबहादूर शास्त्री विरोधात उभे राहिले, मात्र शांततेच्या कामासाठी अणुस्फोटाचा अभ्यास करायला त्यांनी वाट मोकळी ठेवली. या देशाची अणुनीती पुढची कित्येक वर्षे त्याच वाटेवरून चालली: नाही म्हणायचे, पण दार पूर्ण लावायचे नाही. याची सुरुवात तरी शास्त्रींनी कुठे केली? १९४८ मध्ये अणुऊर्जेचे विधेयक मांडताना नेहरूही असेच बोलले होते. वापर शांततेसाठी, पण राष्ट्रावर वेळच आली तर काय होईल, याची हमी त्यांनी दिली नव्हती.

तेच नेहरू तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदी होते. बरोबर मौलाना आझादही. किल्ल्यात असताना दोघांनीही पुस्तके लिहिली. १९४५ च्या उन्हाळ्यात दोघे सुटले आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा झाले. म्हणजे स्वतंत्र भारत चालवायला निघालेली ही पिढी तुरुंगातून बाहेर पडली, ती थेट अणुयुगातच.

पासष्टच्या युद्धाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ६ सप्टेंबरला भारतीय सेनेने पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली. मधले सतरा दिवस. ९ ते १५ सप्टेंबर या काळात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट रावळपिंडी आणि दिल्ली असे दोन्हीकडे जाऊन आले. अब्दुल हमीद पडले त्या दिवसांत हा माणूस दोन राजधान्यांत समजावत फिरत होता. त्यांना यश लगेच आले नाही, पण फिरायला सवड होती. सुरक्षा परिषदेचा ठराव २० सप्टेंबरला झाला आणि तीन दिवसांनी तोफा थांबल्या. जानेवारीत ताश्कंद झाले.

त्याच युद्धात बॉम्बची सावली पहिल्यांदा पडली. १६ सप्टेंबरच्या रात्री चीनने भारताला निर्वाणीचा खलिता दिला. सिक्कीम सीमेवरची ठाणी मोडा आणि पळवलेल्या मेंढ्या व याक परत करा, अशी त्यात मागणी होती. दिल्लीत जनसंघाच्या अटलबिहारी वाजपेयींनी मेंढ्यांचा कळपच चिनी दूतावासासमोर नेला. हा प्रसंग आठवला की मला अजून हसू येते. पण ते हसणे फार काळ टिकले नाही. अण्वस्त्रधारी शेजारी युद्धाच्या मधोमध धमकी देतो, हे पाहून खासदारांच्या एका मोठ्या गटाने बॉम्बची मागणी केली. तिकडे भुट्टो त्याच वर्षी बोलून गेले होते की भारताने बॉम्ब बनवला तर आम्ही गवत खाऊन राहू, पण आमचाही बनवू. पुढे बांगलादेश झाला आणि जानेवारी १९७२ मध्ये मुलतानला शास्त्रज्ञांना जमवून त्यांनी कामाला लावले. १८ मे १९७४ ला पोखरण. त्यातले प्लुटोनियम मुंबईच्या तुर्भ्यातले, कॅनडाने शांततेसाठी दिलेल्या अणुभट्टीतले. मेंढ्या घेऊन निघालेले वाजपेयी १९९८ मध्ये पंतप्रधान होते. ११ आणि १३ मे रोजी भारताने पाच चाचण्या केल्या, २८ आणि ३० मे रोजी पाकिस्तानने सहा.

त्या मे महिन्यातली एक आठवण. आमच्या चौकात पेढे वाटले गेले. अब्बांच्या हातावरही पेढा ठेवला आणि ते तो खातात की नाही, हे वाटणारा बघत उभा राहिला. अब्बांनी खाल्ला. सतरा दिवसांनी पाकिस्तानने चाचण्या केल्या, तेव्हा आमच्याच लोकांपैकी काही जण दबक्या आवाजात खूश होते. ‘इस्लामी बॉम्ब’ हा शब्द तेव्हा दोन्ही बाजूंना गोड लागत होता: एकाला भीती घालायला, दुसऱ्याला छाती फुगवायला. अब्बा चिडले. हजरत अबू बक्र यांनी सैन्य पाठवताना बायका, मुले, म्हातारे यांना हात लावू नका, फळझाडे तोडू नका, अशी ताकीद दिल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो. फळझाड वेगळे काढू शकत नाही, अशा हत्याराला इस्लामचे नाव कसे लावता, असे ते म्हणाले होते. त्या दिवशी पेढा तोंडात घोळवत ते घरी आले तेव्हा अम्मीने विचारले, कसा होता? ते म्हणाले, गोड होता, पेढ्याचा काय दोष.

बॉम्बमुळे युद्ध टळते, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. लष्करातून निवृत्त झालेला माझा एक मित्र मला नेहमी युक्रेनचे उदाहरण देतो. १९९४ मध्ये त्यांनी अण्वस्त्रे सोडली, त्यांचे काय झाले बघ. त्याचे बोलणे खोडून काढणे सोपे नाही. कारगिलमध्ये वाजपेयी सरकारने विमानांना नियंत्रण रेषा ओलांडू दिली नाही. त्यामागे बॉम्बची भीती होती, असेही म्हणता येते. पण मुळात कारगिल झालेच. चाचण्यांनंतर वर्षभरात, फेब्रुवारीत लाहोरला हात मिळवल्यावर तीन महिन्यांत. पाचशेहून अधिक भारतीय जवान गेले. बॉम्बने युद्ध टाळले नाही. युद्ध थांबवायला जो अवधी मिळायचा, तोच त्याने खाऊन टाकला. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची.

बघा कसे. संसदेवरच्या हल्ल्यानंतर भारताने सैन्य सीमेवर नेले, त्याला तीन आठवडे लागले. तेवढ्यात जगभरचे लोक समजूत घालायला आले. युद्ध टळले. इथल्या लष्करी विचारवंतांनी यातून धडा घेतला की हालचाल इतकी संथ नको. मग झटपट चढाईची कल्पना आली. तिला उत्तर म्हणून पाकिस्तानने ‘नस्र’ बनवले: साठ किलोमीटर पल्ल्याचे, रणांगणावरच अण्वस्त्र वापरता यावे असे क्षेपणास्त्र. त्याची पहिली चाचणी १९ एप्रिल २०११ ला झाली. ती तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. दहा दिवसांपूर्वीच राळेगणच्या अण्णांचे जंतरमंतरवरचे उपोषण सुटले होते आणि सगळा देश लोकपालावर बोलत होता. आदल्याच दिवशी, १८ एप्रिलला, रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधातल्या आंदोलनात साखरी नाट्याचा एक मच्छीमार पोलीस गोळीबारात मारला गेला होता. अणूचा प्रश्न त्या आठवड्यात कोकणच्या किनाऱ्यावर होता आणि सीमेपलीकडेही होता. आमच्या टीव्हीवर मात्र तो जवळजवळ नव्हता.

मे २०२५ मध्ये पहलगामनंतर काय झाले, ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. ७ तारखेच्या पहाटे हल्ले, मग ड्रोन, मग क्षेपणास्त्रे, मग हवाई तळ. १० तारखेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी. चार दिवस. ऊ थांट यांना एका राजधानीतून दुसरीत जायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दोन अण्वस्त्रधारी देश एकमेकांच्या हवाई तळांपर्यंत पोहोचले होते. पुढच्याच महिन्यात इस्रायल आणि अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा आमच्या ग्रुपवर इराणने आता बॉम्ब बनवावाच, असे म्हणणाऱ्यांची रांग लागली. इराणवरच्या अन्यायाबद्दल माझे दुमत नाही. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेल्या देशावर, सही न केलेला देश हल्ला करतो, हे उघडच आहे. पण आपण बॉम्बच्या शेजारी राहणारी माणसे आहोत. दुसऱ्याला हा सल्ला देताना हात थोडा तरी थरथरायला हवा.

पुलवामाच्या हल्ल्यानंतर, वयाच्या ८१ व्या वर्षी, अण्णा म्हणाले होते की बंदूक उचलता येणार नाही, पण गरज पडली तर सीमेवर गाडी चालवायला मी तयार आहे. मी ते वाचले तेव्हा मला त्यांचा आदरच वाटला. खेमकरण पाहिलेल्या माणसाच्या तोंडी ते बढाईचे बोलणे नव्हते. पण ते बोलणे पासष्टच्या युद्धातले होते. त्या युद्धात ट्रकला सीमेपर्यंत पोहोचायला वेळ होता आणि राजकारण्यांना भानावर यायलाही. आज क्षेपणास्त्राला लागतात काही मिनिटे. राळेगणहून निघालेला ट्रक सुप्यापर्यंत तरी पोहोचेल का?

महाराष्ट्रातच दुसरा एक सैनिक निवृत्तीनंतर गावात येऊन राहिला होता. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास, १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. अलिबागजवळ त्यांनी शेती केली आणि उरलेले आयुष्य अण्वस्त्रांच्या विरोधात आणि पाकिस्तानशी लोकांच्या पातळीवर बोलणे चालू ठेवण्यात घालवले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना एकत्र मिळाला. त्यांना देशद्रोही म्हणणारेही निघाले. नौदलप्रमुखालाही ते चुकले नाही, मग आपली काय कथा! २०२४ मध्ये ते गेले. आमच्या मराठी मुस्लिम वाचकांत किती जणांना त्यांचे नाव माहीत आहे, देव जाणे. अब्दुल हमीद यांच्या शेजारी मी आता त्यांचे नाव ठेवतो.

अजून एक गोष्ट आहे, फारशी कोणी न सांगितलेली. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात इस्लामाबादला एक करार झाला: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. पहिली देवाणघेवाण १९९२ ला झाली. कारगिलनंतरच्या जानेवारीतही यादी दिली गेली. २००२ च्या १ जानेवारीला दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर येत होती, तेव्हाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनीही. यादी लोकांसमोर येत नाही, पण अशी केंद्रे आपल्याकडे कुठे आहेत, हे शाळेतली मुलेही सांगतील: तुर्भे, तारापूर. आमच्या घरातली दोन माणसे पालघरला कारखान्यात कामाला आहेत. तारापूर तिथून फार लांब नाही. दर एक जानेवारीला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती चार ओळींची बातमी आली आहे का, ते मी आधी बघतो.